लवूचा हात

शुक्रवारी दुपारी फजल करीम तोफेच्या सावलीत मांडी घालून बसला आणि परातीतल्या डाळीतले खडे निवडू लागला. मी त्याच्या शेजारी टेकलो आणि म्हटलं, "फजलभाई, इसी कंकड के वास्ते तो हडताल किया. अब क्यों निकालता है?"

तो हसला नाही. माझे विनोद त्याला घटकाभरानं कळायचे. चार-पाच खडे निवडून झाल्यावर मान खाली घालूनच म्हणाला, "साहब का दिया हुआ कंकड अलग होता है, गुणाजी. अपने हाथ की दाल में कंकड नहीं चलेगा."

एकोणीसशे शेहेचाळीसचा फेब्रुवारी होता आणि आमची बोट मुंबई बंदरात नांगरलेली होती. बोट कसली, समुद्रातले सुरुंग काढणारं एक गंजकं डबडं, पण पुढच्या अंगाला तिच्यावर एक तोफ होती. अठ्ठावन्न माणसं होतो आम्ही. नौदलातल्या हिंदी खलाशांचा संप सोमवारी सुरू झाला. खडेवालं जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या आणि गोऱ्या खलाशांच्या निम्मा पगार याला सगळेच कंटाळले होते. दोन दिवसांत बंदरातल्या बहुतेक बोटी त्यात उतरल्या आणि संपाचं बंड झालं. मंगळवारी आमचे साहेब लोक आपले आपणच किनाऱ्यावर उतरून गेले. आम्ही त्यांचा झेंडा खाली घेतला आणि फजलला म्होरक्या केलं.

फजल झेलमचा. तिशीचा, उंच, मितभाषी, तोफेवरचा गोलंदाज. बोटीवर त्याची निवडणूक वगैरे काही झाली नाही. तो तोफेपाशी जाऊन बसला आणि तिचं तोंड त्यानं धक्क्यावरच्या गोऱ्या सोल्जरांकडे वळवलं, एवढंच. तेव्हापासून आमच्या बोटीकडे कुणी फिरकलं नव्हतं. झोपायचासुद्धा तो तिथंच. सगळ्या बोटींची मिळून एक कमिटी नेमलेली होती. कुणालाही शिक्षा होणार नाही असं लेखी वचन घ्यायचं, मगच शस्त्रं ठेवायची, असं तिचं बोलणं चाललं होतं. शहरातले मोठे पुढारी म्हणत होते, आधी शस्त्रं ठेवा. फजलचं म्हणणं सरळ होतं. "कमेटी बोलेगी तो छोडूंगा. और किसी के बोलने से नहीं."

आणि कमिटी काय बोलते ते बोटीवर कळायचं फक्त माझ्या कानातून. मी बिनतारीवाला होतो.

किनाऱ्यावरच्या बिनतारी ठाण्यात कमिटीचे निरोप पाठवायला बसला होता लवू मोंडकर, माझ्याच वाडीतला. मालवणपासून दोन कोसांवर आमची वाडी, त्याचं घर माडाच्या या अंगाला आणि माझं त्या अंगाला. त्रेचाळीस साली भरतीवाल्यापुढे आम्ही दोघं एकदमच उभे राहिलो, आणि बिनतारीची शाळाही एकाच बाकावर बसून शिकलो. जेवताना थाळीवर चमच्यानं टिंब-रेघा वाजवून एकमेकांना शिव्या द्यायचो. शिक्षकानं दोनदा थाळ्या काढून घेतल्या, पण शिव्या काही थांबल्या नाहीत. पुढं मी बोटीवर गेलो, लवू किनाऱ्यावर राहिला, आणि कामाच्या निरोपाआधी तो हमखास एक "मेल्या" ठोकायचा. साहेबाच्या वहीत त्याची नोंद व्हायची नाही, माझ्या कानात मात्र पहिल्यांदा तोच शब्द यायचा.

बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही, पण बिनतारीवाल्याचा हात ओळखता येतो. चालण्यावरून माणूस लांबून ओळखावा, तसं. लवू टिंबं घाईघाईनं उरकायचा आणि शेवटची रेघ नको इतकी लांबवायचा. पन्नास जण एकदम ठोकायला बसले असते तरी मी त्याला वेगळा काढला असता. म्हणून मंगळवारी, कमिटी नेमली गेल्यावर, मी त्याला विचारलं होतं की निरोप खरा कमिटीचा हे कळायला एखादा खुणेचा शब्द ठरवूया का.

"शब्द कित्याक होयो?" तो धक्क्यावर उभा राहून ओरडला. "माझो हात तुका कळता मां?"

"कळता."

"मगे झाला तर."

झालं कसलं! आमच्या धंद्यातली माणसंच असल्या चुका करतात. हात ओळखीचा आहे म्हटलं की त्या हातामागं कोण उभं आहे हे विचारायचं आम्हाला सुचत नाही.

तर त्या शुक्रवारी. बोटीवरचं पिण्याचं पाणी सकाळीच संपत आलं होतं. गुरुवारपर्यंत शहरातली माणसं होड्यांतून पाव, केळी, शिजवलेला भात आणून देत होती. शुक्रवारी धक्क्यावर सोल्जरांची रांग लागली आणि होड्या बंद झाल्या. डोक्यावरून विमानं जात होती. ती जरा खाली आली की आमचा आचारी परात उलटी डोक्यावर धरायचा. कुणालाच हसू यायचं नाही. आतून सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. मला तर सारखी घरची आठवण येत होती. माझं लग्न ठरलेलं होतं, वैशाखातलं.

पावणेपाचला हेडफोनमध्ये आमच्या बोटीची हाक आली. मी पेन्सिल उचलली.

कमिटीचा हुकूम. सर्व बोटींनी शरणागतीचं काळं निशाण लावलं आहे. शिक्षा कुणालाही नाही, तसं लेखी मिळालं आहे. तुमची एकच बोट राहिली. ताबडतोब काळं निशाण लावा.

मी परत पाठवायला सांगितलं. तोच निरोप परत आला. टिंबं घाईची, शेवटची रेघ लांब.

कागद घेऊन मी तोफेपाशी गेलो. फजलला वाचता येत नसे. मी त्याला हिंदुस्थानीत अर्थ सांगितला. तो उठून कठड्याशी गेला. आमच्या जागेवरून बंदरातल्या दोनच बोटी नीट दिसत, बाकीच्या एका मोठ्या मालवाहू जहाजाआड होत्या. त्या दोन्हींवर काळं काही नव्हतं.

"उनका तो नहीं दिखता," तो म्हणाला.

"अभी आया है मेसेज. लगाते होंगे."

"हाथ किसका है?"

"लवू का. मेरे गाँव का."

"पक्का?"

"पक्का," मी म्हणालो.

फजलनं माझ्याकडे पाहिलं. मग तो तोफेकडे वळला. चार दिवस धक्क्यावर रोखलेलं तिचं तोंड त्यानं चाक फिरवून फिरवून समुद्राकडे केलं. त्याला कुणी मदत केली नाही आणि त्यानं मागितलीही नाही. बोटीवर काळं कापड नव्हतं. इंजिनवाल्यांकडे तेलानं काळी झालेली एक घोंगडी होती, तीच दोरीला बांधून वर चढवली. निम्मे लोक रडत होते. निम्म्यांनी तोंडं धुतली, कारण आता पाणी मिळणार होतं. मी धुणाऱ्यांत होतो.

दहा मिनिटं गेली असतील नसतील, शेजारच्या बोटीवरून भोंग्यातून कुणीतरी ओरडायला लागलं. आधी कळेना. मग वाऱ्याबरोबर स्पष्ट आलं. "किसने बोला? किसने बोला काला झंडा लगाने को?" त्यांच्यावर काळं निशाण नव्हतं. ते लावायच्या तयारीतसुद्धा नव्हते. त्यांची माणसं कठड्यावर येऊन आमच्याकडे हातवारे करत होती आणि मग त्यांतल्या एकानं "गद्दार!" म्हटलं आणि सगळ्यांनी ते उचललं.

मी धावत खाली गेलो, हेडफोन लावले, लवूला हाक मारली. एकदा, दोनदा, दहादा. पलीकडे कुणी नव्हतं. वर आलो तेव्हा धक्क्यावरून सोल्जरांनी भरलेली लाँच आमच्याकडे निघाली होती.

पुढं उभ्या असलेल्या गोऱ्या लेफ्टनंटनं बोटीवर पाय ठेवताच एकच प्रश्न विचारला, "तोफेवर कोण होतं?" आम्ही अठ्ठावन्न जण कठड्याशी उभे होतो. कुणी सांगितलं नसतं. फजल आपणहून पुढं झाला. त्याच्या हातात बेड्या अडकवून त्याला लाँचमध्ये उतरवायला नेलं तेव्हा तो माझ्यासमोरून गेला आणि एक क्षण थांबला.

"तुम दोनों एक ही गाँव के हो ना?" त्यानं विचारलं.

सोल्जरनं त्याला पुढं ढकललं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं.

कमिटीचा खरा हुकूम दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सगळ्याच बोटींनी काळी निशाणं लावली. कुणावर सूड घेतला जाणार नाही असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि मग आमच्या तोंडाला जी पानं पुसली गेली ती पुसली गेली. आम्हाला काटेरी तारेच्या छावणीत डांबलं. तीन महिन्यांनी माझे गणवेशाचे कपडे काढून घेऊन हातात घरचं तिकीट दिलं, आणि पुन्हा नौदलाच्या दारात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. तरी माझं निभावलं. फजलचं प्रकरण वेगळं काढलं गेलं. शनिवारी सकाळी ज्यांनी शस्त्रं ठेवली त्यांना निदान दाखवायला तरी एक वचन होतं. फजलला शुक्रवारी संध्याकाळी धरलेलं, त्याला तेही लागू नाही, असं चौकशीत सांगितलं गेलं. दोन वर्षं सक्तमजुरी झाली त्याला. बारा तासांनी त्याचं आयुष्य खाल्लं. तो सुटला तेव्हा त्याचं झेलम दुसऱ्या देशात होतं. मालवणच्या मौलवीकडून उर्दूत लिहून घेऊन मी त्याला दोन पत्रं पाठवली. लवूनं फसवलं, मला काही ठाऊक नव्हतं, असं दोन्हींत लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल आणि त्यानं कुणाकडून वाचून घेतलं नसेल, किंवा वाचून घेऊन चुलीत घातलं असेल. मी त्याच्या जागी असतो तर चुलीत घातलं असतं.

लवू गावात परतला नाही. तो नौदलातच राहिला, मग बेळगावच्या तार ऑफिसात लागला, असं त्याच्या चुलत्याकडून कळलं. वाडीतलं घर त्यांनी विकून टाकलं. मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकलो आणि त्यावर संसार केला. सत्तावीस वर्षं मी लवूला मनातल्या मनात शिव्या दिल्या. काही शिव्या तर मी खास त्याच्यासाठी तयार केल्या होत्या.

त्र्याहत्तर साली, दिवाळीनंतर, तो माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. केस पांढरे, जाड चष्मा, बगलेत छत्री. मी इंजिनाचा पंप खोलून बसलो होतो, हात तेलानं माखलेले. उठलो नाही.

"वळाखलंस मां?" तो म्हणाला.

"बस," मी म्हणालो. शिव्यांतली एकही आठवेना.

तो पडवीच्या कडेला बसला. माझी बायको लांबच्या गावची, तिनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पाहुणा म्हणून तिनं पाणी आणून दिलं, गुळाचा खडा दिला, आणि ती आत चहा टाकायला गेली. त्यानं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला.

"गुणाजी, एक सही होयी होती."

आमच्यासारख्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मानधन मिळायला लागलं होतं. मला मिळत होतं. त्यासाठी अर्जाला सहबंद्याचा दाखला जोडावा लागायचा. कागदावर टाइप केलेलं होतं, की सदर श्री. लवू मोंडकर हे माझ्यासोबत छावणीत कैदेत होते. खाली माझं नाव, सहीपुरती जागा सोडलेली.

"तू खंय होतंस कैदेत?"

"नाय होतंय," तो म्हणाला. "म्हणान तर तुझ्याकडे इलंय."

त्याचा हा निर्लज्जपणा पाहून मला हसूच फुटलं, आणि हसता हसता राग चढला. हातातला पाना मी जमिनीवर आपटला. "त्या शुक्रवारचा सांग आधी. सगळा सांग. मगे सहीचा बघूया."

तो चष्मा काढून पुसत बसला. मग सांगायला लागला, एखाद्या तारेतला मजकूर वाचावा तसं.

"दुपारी गोरे सोल्जर आत इले. आमका सगळ्यांका भिंतीक लावल्यानी. सायबान इचारल्यान, निरोप धाडणारो कोण? मी म्हटलंय, मी. त्येना माझ्या मानेर पिस्तूल ठेवल्यान. सायब म्हणालो, असो निरोप धाड की एक तरी बोट खाली येयत. खंयची बोट तुझो हात मानतली?"

"मगे?"

"मी तुझा नाव सांगलंय."

आतमध्ये चहाचं भांडं वाजत होतं. इतक्या वर्षांत मी त्याच्या बाजूनं पुष्कळ बहाणे शोधले होते. त्याला मारलं असेल, त्याच्या हातावर दुसऱ्यानं हात ठेवून ठोकलं असेल, कुणीतरी त्याचा हात हुबेहूब उचलला असेल. त्यानं मला निवडलं असेल, असं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"केसान गळो कापलंस माझो," मी म्हणालो. "इतक्या बोटी होत्यो. माझाच नाव गावला तुका?"

"तुझाच!" तो एकदम मोठ्यानं म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "दुसऱ्या कोणाक कळला नसता म्हणान तुझा! त्या निरोपात 'मेल्या' होतो काय? सांग! माझो एक तरी निरोप तुका 'मेल्या' शिवाय इललो? मी मुद्दाम घातलंय नाय. माका वाटला, गुणाजी समाजतलो. लवूच्या मानेर कोण तरी आसा, निरोप खोटो आसा, इतक्या तुका कळतला. तू हसतलंस आणि कानातला काढून ठेवतलंस. आणि तू…"

तो थांबला. मग हळू म्हणाला, "तू निशाण लावलंस."

आता मी जे सांगतो आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. फजलला लिहिलेल्या पत्रांतही ते नव्हतं.

मला ते कळलं होतं. अगदी पहिल्यांदा कळलं ते तेच. बोटीची हाक आली तेव्हा पेन्सिल धरून मी "मेल्या" येण्याची वाट पाहिली होती, आणि तो न येता एकदम मजकूर सुरू झाला. दुसऱ्यांदा पाठव म्हणून मी सांगितलं ते मजकुरासाठी नव्हे. तेव्हाही तो आला नाही. मी स्वतःला म्हटलं, दमला असेल, चार रात्री जागलाय. आणि त्याच दमात मला पाणी दिसलं, गाडी दिसली, वैशाखातला मांडव दिसला. तो निरोप खरा असावा असं मला वाटत होतं, म्हणून मी तो खरा करून टाकला. फजलनं "पक्का?" विचारलं तेव्हा माझ्या तोंडात "पता नहीं" हे शब्द आलेले होते. मी ते गिळले.

लवूनं सांगितलं ते खरं होतं की बेळगावहून येताना गाडीत बसून त्यानं ते जुळवलं होतं, हे मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही. साहेब शेजारी उभा असताना कोण "मेल्या" ठोकेल? पण मुद्दाम गाळलेला असेल तर? त्यानं मला फसवलं एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर मी सत्तावीस वर्षं ताठ मानेनं काढली होती, आणि ती गोष्ट त्यानं मला पाणी पिता पिता काढून घेतली. त्या शुक्रवारपेक्षा हे मला जास्त लागलं.

त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. धमकी दिली नाही, विनवणी केली नाही. मी सही करीन याची त्याला खात्री होती. मी नाही म्हटलं असतं तर का म्हणून लोकांनी विचारलं असतं. ते सांगायला लागलो असतो तर फजलपर्यंत यावं लागलं असतं, आणि फजलपर्यंत आलो असतो तर त्या "पक्का"पर्यंत.

हाताचं तेल मी लुंगीला पुसलं आणि सही केली. तरी एक काळा ठसा कागदावर उमटलाच. लवूनं कागद वाळेपर्यंत फुंकर घातली, घडी केली, पिशवीत ठेवला. चहा न घेताच उठला. कुंपणापाशी जाऊन एकदा वळला, काही बोलेल असं वाटलं, पण छत्री दुसऱ्या बगलेत घेतली आणि बेळण्याची आडवी लाकडं ओलांडून गेला.

बायको चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो माडांपलीकडे गेला होता.

"गेले काय ते? जेवूक तरी थांबवूक होया होता तुमी. कोण ओ होते?"

"लवू मोंडकर," मी म्हणालो. "तो माझ्याबरोबर जेलात होतो."